साठीला स्कूटर शिकताना



गेल्या वर्षावासात आमच्या वाडीतल्या विहारात रविवारचं ग्रंथवाचन संपलं, चहा झाला, आणि बाया उठायच्या आधी एकीने मला विचारलं, "माका तुजी गाडी शिकवतलंस काय गो?" विचारणारी सत्तावन्न वर्षांची. तीन वर्षांपूर्वी मी माझं मनगट मोडून घेतलं तेव्हा हीच माझ्या उशाशी बसून म्हणाली होती, "म्हातारपणी ह्यां नसतां खूळ कित्याक?"

मी तिला त्याची आठवण करून दिली नाही. ती का विचारते आहे ते मला माहीत होतं. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे. ऐन आषाढात गोळ्या संपल्या. मुलगा मुंबईला, घरात दुचाकी चालवणारं दुसरं कोणी नाही. आमच्या वाडीतून पाखाडी उतरून मोठ्या रस्त्यापर्यंत यायला पंचवीस मिनिटं, त्यानंतर गाडीची वाट. स्पेशल रिक्षा करायची तर एका फेरीत दिवसाची मजुरी जाते. "पाऊस कमी झालो की जातंय," असं म्हणत तिने तीन आठवडे काढले. डोकं ठणकायला लागलं तेव्हा आम्ही तिला नेलं. वरचा आकडा १९० होता.

आता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. एस.टी.त बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर प्रवासच फुकट. हे चांगलंच झालं, आणि जिथे एस.टी. सोयीची आहे तिथे एस.टी.नेच जावं, तिच्याइतकं सुरक्षित काही नाही. पण घर आणि रस्ता यांच्यामध्ये, रस्ता आणि दवाखाना यांच्यामध्ये जे अंतर उरतं, ते पार करायला आपल्याला दर वेळी कुणाची तरी मनधरणी करावी लागते. मुलगा, पुतण्या, दीर. ते वाईट नसतात, कामात असतात. "आज वेळ नाय, उद्या बघूया." बाईचं दुखणं अशा रीतीने उद्यावर जातं. म्हणून स्कूटर शिकण्याचा विषय मी या पानावर घेतला आहे.

मी निवृत्त आरोग्यसेविका. नोकरीत असताना लसीचा डबा खांद्याला लावून वाड्यांमधून पायी फिरले, किंवा कुणाच्या तरी मागे बसून. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली लुना काढली. पुढे मालवण-कुडाळात एखाददुसऱ्या नर्सबाई, शिक्षिका लुनावर दिसू लागल्या. आमच्या वाडीत लुना आली नाही. आली असती तरी वाडीपर्यंत रस्ता नव्हता. निवृत्त झाल्यावर मालवणातल्या एका दवाखान्यात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं, आणि एकोणसाठाव्या वर्षी मी विजेवरची स्कूटर घेतली. चौक्याच्या बाजूने मालवणात येते, जाऊन-येऊन अठरा-वीस किलोमीटर.

आधी मागे बसण्याबद्दल बोलू, कारण आपल्यातल्या बहुतेकजणी आयुष्यभर तेच करतात आणि त्यात धोका नाही असं समजतात. एका बाजूला पाय सोडून, साडीत, मांडीवर नातू, एका हातात पिशवी आणि पावसात दुसऱ्या हातात उघडी छत्री. वाऱ्याने छत्री उलटली की बाई मागच्या मागे जाते, आणि पहिलं डोकं आपटतं. मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी असावी, असा मोटार वाहन नियम आहे. ती जाळी गाडीच्या शोभेला आड येते म्हणून पोरं काढून टाकतात. ती परत बसवायला सांगा. पदर आणि ओढणी कमरेला खोचा, दोन्हीकडे पाय टाकून बसा, छत्री घरी ठेवून रेनकोट घाला. हेल्मेट मागे बसणारीलाही लागतं.

आता माझं मनगट. ते रस्त्यावर मोडलं नाही, माझ्याच खळ्यात मोडलं. गाडी घेऊन महिना झाला होता. भाजी काढायला उतरले आणि गाडी बंद करायची राहिली. विजेच्या गाडीला आवाज नसतो, त्यामुळे ती चालू आहे की बंद ते कानाला कळत नाही. तेवढ्यात पावसाची सर आली. गाडी पडवीत घ्यावी म्हणून मी बाजूला उभी राहून दोन्ही मुठी धरून ओढली. उजवी मूठ पिळली गेली आणि गाडी एकदम पुढे सुटली. पेट्रोलच्या गाडीपेक्षा हिची ओढ पहिल्या क्षणालाच जोरात असते. गाडी भिंतीवर, मी चिऱ्यांवर, आणि पडताना टेकलेला उजवा हात माझ्या अंगाखाली. सहा आठवडे प्लास्टर. भाकरी थापता येईना, केस विंचरता येईनात. घरच्यांनी सांगून टाकलं, आता पुरे झालं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते मी नोकरीत असताना दुसऱ्या बायकांना सांगत होते, स्वतःला कधी लावलं नव्हतं. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची ताकद झपाट्याने उतरते. उभ्या उंचीवरून साधं पडून मनगट मोडलं, तर ते हाडं ठिसूळ झाल्याची पहिली खूण असू शकते. ती ओळखली नाही तर पुढची पाळी मणक्याची किंवा खुब्याची. पन्नाशीनंतर असं हाड मोडलं असेल, आईचा खुबा मोडला असेल, किंवा वर्षानुवर्षं स्टिरॉईडच्या गोळ्या घेतल्या असतील, तर डॉक्टरांना हाडांच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. दोन चाकांवर बसायच्या आधी विचारा.

हाडांसाठी आपल्या घरात काही नाही असं नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दूध परवडत नाही अशा घरात नाचणीची भाकरी, आंबील, तीळ, आणि आपल्या किनाऱ्यावरची सुकट, काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी. सुकट आधी चांगली धुवा, तिच्यातलं मीठ रक्तदाबाला चालत नाही. आणि सकाळचं ऊन, पडवीत नाही, अंगणात.

गाडी निवडताना नातवाला आवडलेला रंग बघू नका. दुकानात तिच्यावर बसा आणि दोन्ही पायांची पूर्ण पावलं जमिनीला टेकतात का ते बघा. नेहमीच्या विजेच्या स्कूटरची बैठक साधारण ७६० ते ७८० मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांच्या आसपास उंच असते. आपल्यातल्या पाच फुटांच्या आतल्या बाईची फक्त बोटं टेकतात, आणि आपली बाई पडते ती बहुतेक थांबताना, वेगात नव्हे. मोठ्या गाड्यांचं वजन ११० ते १३५ किलो असतं. झुकलेली गाडी सावरणं साठीतल्या मनगटाचं आणि कमरेचं काम नाही. ती कलली तर सोडून द्या आणि बाजूला व्हा. गाडी गेली तर दुरुस्त होते. मोठ्या स्टँडवर चढवण्याच्या फंदात पडू नका, बाजूचा स्टँड वापरा, आणि पावसाळ्यात त्याच्याखाली चपटा दगड किंवा फळी ठेवा, नाहीतर तांबड्या मातीत तो रुततो. काही गाड्यांना मागे घेण्याची सोय असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी तीच गाडी घ्यावी, चार पैसे जास्त गेले तरी. बॅटरी काढून घरात न्यायची सोय आहे असं दुकानदार कौतुकाने सांगतो. तिचं वजन दहा किलोच्या घरात असतं. रोज ते कोण उचलणार, हे आधी ठरवा.

एक सवय मात्र हातात मुरवून घ्या. उतरायच्या आधी गाडी बंद, चावी हातात, मग पाय खाली. बाजूला उभं राहून चालू गाडी कधीच ढकलू नका. मी आता गाडी बंद करून चावी बांगडीजवळ मनगटाला अडकवते आणि मगच उतरते. लोक हसतात, हसू देत.

परवान्याचंही थोडं. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न धावणारी गाडी कायद्याने मोटार वाहनात धरत नाहीत, तिला परवाना आणि नोंदणी लागत नाही. नवशिक्या बाईला ही गाडी बरी, हलकीही असते. पण दुकानातून तिचा वेग वाढवून घेऊ नका. तशी गाडी कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमाही नसतो. त्यापेक्षा मोठी गाडी हवी तर विनागियरचा परवाना काढा. आधी शिकाऊ परवाना, त्यानंतर ३० दिवसांनी परीक्षा. पंचावन्नच्या पुढे परवाना एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतो. माझ्याकडून डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं होतं. बायकांना त्याचा कंटाळा येतो, पण त्या निमित्ताने डोळे तरी तपासून होतात.

डोळ्यांचं काम महत्त्वाचं आहे. मोतीबिंदू सुरू झाला की दिवसा ठीक दिसतं, पण रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत फुटल्यासारखा पसरतो आणि रस्त्यावर बसलेली गुरं दिसत नाहीत. आमच्या रस्त्यावर पावसाळ्यात गुरं रस्त्यावरच बसतात, तिथे सुकं असतं म्हणून. मी दिवे लागणीनंतर गाडी काढत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात मोफत होते. ती झाल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हाच परत गाडीवर बसा.

मधुमेहाच्या बायांनो, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी गाडी चालवू नका. साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं, आणि त्या वेळी आपल्याला काहीतरी होतं आहे हेही कळत नाही. डिकीत चार गोड गोळ्या नाहीतर साखरेची पुडी ठेवा. लक्षण जाणवलं की गाडी बाजूला, साखर तोंडात, पंधरा मिनिटं बसून राहा. बरं वाटलं तरी काहीतरी खाऊनच निघा. रक्तदाबाची गोळी नवीन सुरू केली असेल किंवा बदलली असेल तर पहिले काही दिवस उठताना चक्कर येते का ते बघा. सर्दी-खाजेच्या गोळीने झोप येते, त्या दिवशी गाडी नको.

आणखी एक गोष्ट, जी बायका एकमेकींना सांगतात पण छापून येत नाही. बाहेर जायचं म्हणून आपण सकाळपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत जागा नाही. मग लघवीला जळजळ, ताप, आणि उन्हात चक्कर. गाडी हातात असली तर निदान कुठे थांबायचं ते आपण ठरवू शकतो. बस स्थानक, दवाखाना, ओळखीचं घर, अशा दोन जागा ठरवून ठेवा आणि पाणी प्या.

हेल्मेटला आपला अंबाडा आड येतो. अंबाड्यावर हेल्मेट घातलं की ते पुढे कलतं, डोळ्यांवर येतं, आणि बाई पट्टा न लावता नुसतं डोक्यावर ठेवते. असं हेल्मेट पहिल्या आपटीला उडून जातं. खाली मानेवर सैल वेणी घाला. आय.एस.आय. खूण बघून, डोक्याला घट्ट बसणारं घ्या, हनुवटीखाली दोन बोटं जातील इतपत पट्टा आवळा. ताशी २५ च्या गाडीलाही हेच. रस्त्याच्या कडेच्या चिऱ्यावर डोकं आपटायला वेग लागत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट टाकून द्या, वरून चांगलं दिसलं तरी.

रस्त्यावर मला सगळ्यात जास्त भीती डंपरची आणि डिसेंबर-मे मधल्या पर्यटकांच्या गाड्यांची वाटते. चिऱ्यांच्या गाड्यांमुळे पहिल्या पावसात रस्त्यावर तांबड्या मातीचा राप येतो, तो तेलासारखा निसरडा. नंतर श्रावणात झाडाखालच्या सावलीत शेवाळ. कुंभारमाठकडून शहरात उतरताना मी दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळू दाबते, वळणावर दाबतच नाही. भरडावर आणि मासळी बाजाराच्या बाजूला मी चालीच्या वेगाने जाते आणि हॉर्न वाजवते, कारण माझी गाडी कुणाला ऐकूच येत नाही.

चार्जिंगबद्दल आपल्या वाड्या-वस्त्यांतल्या घरांनी जास्त सावध राहायला हवं. २०२२ मध्ये देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर बॅटरीचे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झाले. नव्या नियमाची बॅटरी आहे का ते दुकानात विचारा. त्याहून जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. आपलं घर दोन खोल्यांचं, दार एक. गाडी त्याच दारात लावून रात्रभर चार्जिंगला ठेवली आणि काही झालं, तर आतल्यांना बाहेर पडायला वाट नाही. त्या आगीचा धूरही विषारी असतो. पडवीत किंवा भिंतीबाहेर छपराखाली, दारापासून बाजूला, आपण जागे असताना चार्जिंग करा. लांबवलेल्या वायरीवर, तीन घरांनी मिळून वापरलेल्या बोर्डावर नको. जाड तीन पिनांचा सॉकेट आणि अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. आमच्या वाडीत पाहिलं तर निम्म्या घरांत अर्थिंगची तार नुसतीच लोंबत होती, ते या निमित्ताने उघड झालं. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणून वादळाचा इशारा आला की मी आधी गाडी भरून ठेवते.

खर्चाचं विचाराल तर महिन्याला पाचशे किलोमीटरला मला १७-१८ युनिट लागतात. तेवढे युनिट आपल्या बिलात कुठल्या दराला पडतात ते बघून हिशोब करा.

आता गाडीविरुद्धही एक साक्ष देते. पहिल्या वर्षात माझं वजन चार किलो वाढलं. बत्तीस वर्षं चालणारे पाय एकदम बसले, आणि गुडघे सुधारायच्या ऐवजी आखडले. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालावं, आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी गाडी मुद्दाम बाजाराच्या अलीकडे लावते आणि पुढे चालत जाते. सकाळी चूल पेटवताना ओट्याला बोट टेकून एका पायावर उभी राहते, वीस आकडे मोजेपर्यंत, मग दुसऱ्या. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते. प्लास्टर निघाल्यावर सुती कापडाचा बोळा मुठीत दाबत दाबत मी पकड परत आणली, आणि ब्रेक पूर्ण दाबता यायला लागला तेव्हाच परत गाडीला हात लावला. त्याला साडेतीन महिने लागले. घाई केली नाही.

राहिला वाडीपर्यंतचा रस्ता. आमची गाडी अजून खाली, एका घराच्या खळ्यात उभी असते, कारण शेवटचा तुकडा पाखाडीचा. गरोदर बाईला खुर्चीत बसवून ज्या वाटेने उतरवावं लागतं तीच ही वाट. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासासाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाची योजना आहे, जिला आपण दलित वस्ती सुधार म्हणतो. तिच्यात अंतर्गत रस्ता बसतो. पण ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तो यावा लागतो. आराखडा होताना आपले पुरुष समाजमंदिराचं रंगकाम सुचवून येतात, रस्ता राहतो. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची कायद्याने तरतूद आहे. मागच्या खेपेला आम्ही अकराजणी गेलो आणि रस्त्याचा ठराव लिहून घेतला, सहीची प्रत विहाराच्या कपाटात आहे.

आता दर रविवारी सकाळी शाळेच्या मैदानात आम्ही चारजणी असतो. पहिले दोन रविवार गाडी बंदच होती. नुसतं बसायचं, पाय टेकायचे, स्टँड लावायचा, उतरायच्या आधी चावी काढायची. तिसऱ्या रविवारी ती सत्तावन्न वर्षांची मैदानाला एक फेरी मारून आली, थांबली, चावी काढली आणि मग उतरली. रक्तदाब त्या दिवशी १४०/८६. गोळ्या आणायला अजून ती माझ्या मागेच बसून येते, दोन्हीकडे पाय टाकून.